एप्सम येथील ओक्स शर्यत व घोड्यांच्या मातृवंशाचा पुरावा

वतनदार घराण्यांच्या वंशावळी ज्यांनीं तपासल्या आहेत त्यांस एक गोष्ट नव्यानें सांगावयास नको. मूळपुरुषापासून वाद्यापर्यंत दहा दहा पिढ्या उतरत्या ओळींत मांडलेल्या असतात, धाकट्या पातीचा निपुत्रिक पुरुषहि त्यांतून सुटत नाहीं. मात्र या सर्वांच्या माता कोण याचा पत्ता त्या कागदांत लागत नाहीं. फार तर 'प्रथम संबंधाचा', 'द्वितीय संबंधाचा' असे शब्द असतात, तेहि भावांच्या वांटणीचा तंटा असला तर. शाळेंतील नोकरींतून मोकळे झाल्यापासून आम्ही आमच्या प्रांतांतील अशाच एका घराण्याचे रुमाल लावीत आहों. त्यांतील वंशावळींत सात पिढ्या आहेत व एकाहि स्त्रीचें नांव नाहीं. हें काम चाललें असतां आमच्या एका स्नेह्यांनीं, ज्यांस पोथ्यांबरोबर जुनीं इंग्रजी पुस्तकेंहि जमविण्याचा नाद आहे, इंग्लंडांतील शर्यतीच्या घोड्यांच्या वंशावळीचें एक छापील पुस्तक आमच्यापुढें ठेविलें. त्यांत प्रत्येक कलमाचें शीर्ष म्हणजे घोडी. तिच्याखालीं तिचीं शिंगरें सालवार मांडलेलीं. आणि बाप त्या त्या शिंगराच्या ओळींत, कलमाच्या पोटांत. माणसांच्या वंशावळींत आई नाहीं आणि जनावरांच्या वंशावळींत आईवांचून कलम नाहीं, हा विपर्यय पाहून आम्हांस कुतूहल उत्पन्न झालें व थोडा वेळ वतनदार बाजूस ठेवून आम्ही घोड्यांच्या मागें लागलों.

या शोधाचें एक टोंक ओक्स नांवाच्या शर्यतीपाशीं आहे, म्हणून तिची हकीकत प्रथम देतों.

लंडनच्या दक्षिणेस सरे परगण्यांत एप्सम गांव आहे. त्याच्या माळावर दरसाल मेअखेरीस किंवा जूनच्या आरंभीं ही शर्यत होते. तींत केवळ तीन वर्षांच्या घोड्या धांवतात, नर घोड्यास तींत प्रवेश नाहीं. अंतर दीड मैल. 'ओक्स' हें नांव शर्यतीस मिळालें तें एका घरावरून. एप्समपासून जवळच या नांवाचा एक बंगला होता, तो डर्बीचा बारावा अर्ल एडवर्ड स्मिथ-स्टॅन्ली याच्या ताब्यांत होता. त्याच्यापूर्वीं तो जनरल जॉन बर्गाइन याच्याकडे असे. अर्लची आत्या बर्गाइनला दिली होती. १७७४ सालीं अर्लचा विवाह लेडी एलिझाबेथ हॅमिल्टन हिच्याशीं ठरला तेव्हां या बंगल्यांत मोठा उत्सव झाला, व बर्गाइननें त्या प्रसंगाकरितां 'मेड ऑफ दि ओक्स' नांवाचें नाटक रचिलें. पुढें तें लंडनच्या रंगभूमीवरहि आलें. विवाह मात्र सुखाचा झाला नाहीं. शर्यत सुरू झाली त्या सुमारास ही स्त्री नवऱ्याचें घर सोडून गेलेली होती. बंगलाहि आतां उरलेला नाहीं. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तो पाडण्यांत आला. उरलें तें घराचें नांव, आणि तें घोड्यांच्या शर्यतीनें राखलें.

पहिली शर्यत १४ मे १७७९ रोजीं झाली, म्हणजे शके १७०१ विकारी नाम संवत्सरीं. आमच्या वाचकांस हें साल दुसऱ्याच कारणानें पाठ आहे. त्याच वर्षीं जानेवारींत वडगांव येथें इंग्रजांची फौज कोंडली जाऊन तिला महादजी शिंद्यांशीं तह करावा लागला होता. आणि ज्या बर्गाइनचें नांव वर आलें त्यानेंच १७७७ सालीं अमेरिकेंत सॅराटोगा येथें सैन्यासह शस्त्रें खालीं ठेविलीं होतीं. दोन खंडांत दोन शरणागती पदरीं आलेल्या राष्ट्राचे सरदार त्याच वर्षीं एप्समच्या माळावर नवी शर्यत मांडीत होते, यावरून त्या राष्ट्राच्या स्वभावाविषयीं ज्यास जें अनुमान काढावयाचें असेल तें त्यानें काढावें. शर्यत जिंकली ती अर्लच्याच घोडीनें. तिचें नांव ब्रिजेट, बाप हेरॉड.

दुसऱ्या वर्षीं याच माळावर नर-मादी दोहोंकरितां डर्बी नांवाची शर्यत सुरू झाली व ती डायोमेड या सर चार्ल्स बनबरीच्या घोड्यानें जिंकली. तिला अर्लचें नांव द्यावें कीं बनबरीचें, याचा निकाल नाणें उडवून लाविला अशी कथा सांगतात. तिची किंमत आपल्याकडील बखरींतल्या अशा कथांइतकीच धरावी. सिद्ध गोष्ट एवढी कीं, डर्बीचें अंतर आरंभीं एकच मैल होतें, तें १७८४ सालीं दीड मैल झालें. ओक्सचें अंतर पहिल्यापासूनच दीड मैल. म्हणजे डर्बीचे घोडे चार वर्षें घोड्यांहून नव्हे, घोड्यींहून अर्धा मैल कमी धांवत होते.

याहून जुनी एक नोंद आमच्या विषयास अधिक उपयोगी आहे. डॉन्कास्टर येथील सेंट लेजर नांवाची शर्यत १७७६ सालीं प्रथम झाली. तीहि रॉकिंगहॅमच्या मार्क्विसच्या एका घोडीनेंच जिंकली, पण जिंकली तेव्हां तिला नांव नव्हतें! पुढल्या एका शर्यतीसाठीं नोंद करतांना तिला 'अलाबाक्यूलिया' हें नांव दिलें गेलें. इंग्लंडांतील थोर शर्यतींपैकीं सर्वांत जुनी जी, तिच्या विजेत्यांच्या यादींत आरंभीं जें नांव आहे तें असें मागाहून घातलेलें आहे.

नांव नसणें ही त्या काळीं घोडीच्या बाबतींत अपवादाची गोष्ट नव्हती. शर्यतींची छापील यादी जॉन चेनी यानें १७२७ पासून काढली. वंशावळीचें पुस्तक त्याहून बरेंच मागाहूनचें. जेम्स वेदरबी यानें १७९१ सालीं प्रस्तावनेदाखल एक खंड काढला व १७९३ सालीं 'जनरल स्टड बुक' याचा पहिला भाग निघाला. त्यांतील पूर्वींच्या पिढ्यांत घोड्यांस, म्हणजे नरांस, भरभक्कम बिरुदें आहेत: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन, गोडॉल्फिन अरेबियन. घोड्या पहाव्या तर 'अमक्याची बहीण', 'अमक्याची मुलगी', 'अमक्या गृहस्थाची बार्ब घोडी'. शीर्षस्थानीं घोडी आहे खरी, पण शीर्षांत नांव आहे तें तिच्या भावाचें, बापाचें किंवा धन्याचें. हें वाचतांना आम्हांस आमच्या वतनदारांचा कागद फारसा परका वाटेना.

आपल्याकडील पागांच्या ज्या याद्या आमच्या पाहण्यांत आल्या त्यांत कुमाईत, अबलख, पंचकल्याणी असे रंग व खुणा आहेत, किंमत आहे, कोणत्या बारगिराच्या स्वाधीन केली तें आहे, आईबाप नाहींत. दोष द्यावा असें त्यांत कांहीं नाहीं, कारण ती यादी जनावर ओळखण्यासाठीं व हिशेबासाठीं होती, वंशासाठीं नव्हे. संस्कृत वाङ्मयांत मात्र घोडीचा मान मोठा आहे. अमरानें तिला वामी, अश्वा, वडवा अशी तीन नांवें दिलीं आहेत. यास्कानें निरुक्तांत दिलेल्या इतिहासांत सरण्यू घोडीचें रूप घेऊन निघून जाते, विवस्वान् घोड्याच्या रूपानें तिच्या मागें जातो, व त्यांपासून अश्विनीकुमार होतात. देवांच्या वैद्यांस जग आईच्या रूपावरून ओळखतें, हें वंशावळी लिहिणारांनीं विसरावयास नको होतें.

असो. आतां पुराव्याचा प्रश्न. घोड्याच्या वंशावळींत आई शीर्षस्थानीं कां घातली याचें कारण आदर नव्हे, सोय होय. शिंगरूं कोणाच्या पोटीं झालें हें तबेल्यांतील पोऱ्यासहि दिसतें. बाप कोण हें धन्याच्या वहीवर व मोतद्दाराच्या शब्दावर अवलंबून. याचें प्रसिद्ध उदाहरण एक्लिप्स या घोड्याचें. १७६४ सालीं जन्मलेला हा घोडा कधींच हरला नाहीं. त्याची आई स्पिलेटा हें निर्विवाद, परंतु बाप मार्स्क कीं शेक्स्पियर नांवाचा दुसरा घोडा, असा वाद त्या काळींच उपस्थित झाला होता. पुस्तकांत मार्स्क लिहिला गेला व तोच चालू आहे. तथापि आईचा पक्ष सर्वस्वीं बळकट असें समजून चालणाऱ्यानें एक पिढी मागें जाऊन पहावें. स्पिलेटाची आई 'मदर वेस्टर्न', आणि तिच्या कुळाविषयीं मतभेद आहेत. म्हणजे प्रत्यक्ष जन्म जेवढ्या पिढीपर्यंत कोणी पाहून लिहिला तेवढ्यापर्यंत आई निश्चित. त्यामागें तीहि ऐकीवच.

एवढ्यासाठींच ओक्ससारख्या शर्यतीचें महत्त्व आम्हांस वाटतें. दरसाल एकाच वयाच्या घोड्या एके ठिकाणीं आल्या, कोण कोणाची हें सर्वांसमक्ष छापून निघालें, आणि त्यांतील नामांकित घोड्या पुढें आया झाल्या. हा खंड न पडलेला लेख १७७९ पासूनचा आहे. दोन्ही महायुद्धांत १९१५ ते १९१८ व १९४० ते १९४५ या वर्षीं शर्यत एप्समऐवजीं न्यूमार्केट येथें झाली, पण झाली.

त्या लेखांतील कांहीं घोड्यांचा परिचय करून दिल्यावांचून पुढें जाववत नाहीं. डर्बींत घोड्या क्वचितच जिंकतात. आजवर सहाच जिंकल्या, शेवटची १९१६ सालीं. आणि त्या सहांपैकीं चौघींनीं त्याच सालीं ओक्सहि जिंकली. त्यांत पहिली १८०१ सालची एलिनॉर, बनबरीचीच. तिची आई यंग जायंटेस ही डायोमेडची मुलगी, म्हणजे पहिल्या डर्बीचा विजेता हा एलिनॉरचा मातामह. दुसरी १८५७ सालची ब्लिंक बॉनी. तिची आई क्वीन मेरी ही मालकानें एकदां विकून टाकली होती, परंतु तिच्या एका मुलीचा पराक्रम दिसतांच तो तिला शोधीत स्कॉटलंडांत गेला व परत घेऊन आला. ब्लिंक बॉनीचा मुलगा ब्लेअर अ‍ॅथॉल यानें १८६४ सालीं डर्बी जिंकली. १९१६ सालची फिफिनेला ही चौथी.

तिसरीची गोष्ट अधिक मौजेची. न्यूमार्केटमध्यें गिनिस्ट्रेली नांवाचा एक इटालियन गृहस्थ रहात असे. त्याची सिन्योरिना नांवाची घोडी स्वतः फार गुणी, पण कित्येक वर्षें तिला शिंगरूं झालें नाहीं. शालेरू नांवाचा एक हलक्या किंमतीचा घोडा रोज तिच्या कुंपणावरून नेला जाई. त्या दोघांचें एकमेकांकडे लक्ष जातें असें या गृहस्थाच्या ध्यानांत आलें, आणि जाणत्यांनीं हसूं केलें असतांहि त्यानें त्यांचा योग घडवून आणिला. आमच्या स्मृतिकारांनीं यास गांधर्वविवाह म्हटलें असतें. त्यांची मुलगी सिन्योरिनेटा. १९०८ सालीं डर्बींत तिच्यावर एकास शंभर असा भाव होता. ती जिंकली, आणि त्याच आठवड्यांत ओक्सहि जिंकली. परंतु प्रेमविवाहाच्या कैवाऱ्यांनीं येथेंच थांबावें हें बरें, कारण सिन्योरिनेटाच्या पोटीं तिच्या तोडीचें एकहि संतान निघालें नाहीं. उलट १९०४ सालची ओक्स जिंकणारी प्रेटी पॉली पहावी. चोवीस शर्यतींत बावीस जिंकलेली ही घोडी आई म्हणून प्रथम निराशाच करिती झाली. तिच्या मुलींच्या मुलींनीं मात्र कूळ वाढविलें, व १९६८ सालीं जन्मलेला ब्रिगेडियर जेरार्ड, जो अठरांपैकीं सतरा शर्यती जिंकला, तो याच मातृशाखेंतला.

अशीं कुळें मोजण्याची कल्पना ज्यांस सुचली त्यांत हॅम्बर्गचा हर्मान गूस हा अग्रेसर. १८८५ सालीं त्यानें इंग्रजी घोड्यांच्या मूळमातांचीं कोष्टकें छापलीं. पाठोपाठ ऑस्ट्रेलियांतील ब्रूस लो यानें त्या मूळमातांस आंकडे दिले. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १८९५ सालीं, बाहेर आला. पद्धत अशी: डर्बी, ओक्स व सेंट लेजर या तीन शर्यतींचे सर्व विजेते घ्यावे, प्रत्येकाची आई, तिची आई, तिची आई, असें स्टड बुकांत सांपडेल तेथपर्यंत चढत जावें, ज्या मूळमातेच्या संततींत विजेते सर्वांत अधिक तिचें कूळ पहिलें, त्याखालोखालचें दुसरें. अशीं त्रेचाळीस कुळें झालीं. पहिल्या कुळाची माता ट्रेगॉनवेल याची 'नॅचरल बार्ब' घोडी, दुसऱ्याची बर्टन बार्ब, चौथ्याची लेटन बार्ब. लोचें पुढील म्हणणें, कीं अमुक आंकड्याचें कूळ धांवणारें व तमुक आंकड्याचें बाप होण्यास योग्य, हें टिकलें नाहीं व टिकण्यासारखें नव्हतेंच. ज्या कुळांत घोड्या संख्येनें अधिक त्यांत विजेतेहि अधिक, हा हिशेब त्यानें पुरता धरला नाहीं. परंतु आंकडे राहिले. आजहि घोड्याची विक्री-पत्रिका पहावी तर कुळाचा आंकडा तींत असतो, जसा आपल्याकडे गोत्राचा उच्चार. फरक एवढाच कीं, हें गोत्र आईचें.

आतां हीं कुळें खरीं किती? आमच्या वाचकांस रस वाटावा तो येथें. सी. एम्. प्रायर या संशोधकानें १९२४ सालीं अठराव्या शतकांतील खाजगी तबेल्यांच्या मूळ हस्तलिखित वह्या प्रसिद्ध केल्या. यॉर्कशरांतील कथबर्ट राउथ याची वही त्यांतलीच. मालकानें स्वतःच्या हातानें, त्या त्या वेळीं केलेल्या या नोंदी पाहतां छापील स्टड बुक जागोजाग चुकलेलें आढळलें. वेदरबीनें ग्रंथ रचिला तो त्या नोंदींनंतर दोनतीन पिढ्यांनीं; त्याच्या हातीं ज्या वह्या आल्या नाहींत तेथें त्यानें ऐकीव माहिती घातली. बखर व अस्सल पत्र यांचा जो संबंध तोच हा.

दुसरा वाद मूळमातांच्या जातीचा. लेडी वेंटवर्थ हिनें १९३८ सालीं मोठा ग्रंथ लिहून हे घोडे आईबापांकडून शुद्ध अरबीच होत असें प्रतिपादिलें. तिच्या आईबापांनीं अरबस्तानांतून घोडे आणून तबेला स्थापिला होता, हें तिच्या मताच्या तीव्रतेचें एक कारण असावें. या वादाचा निकाल कागदांत लागणारा नव्हता. तो लागला रक्तांत. प्राण्याच्या पेशींत तंतुकणिका म्हणून सूक्ष्म घटक असतात, त्यांतील जनुकद्रव्य अपत्यास केवळ आईकडून मिळतें. मुलग्यासहि मिळतें, पण तो तें पुढें देत नाहीं. म्हणून दोन घोडे एकाच मूळमातेचे असले तर हें चिन्ह दोघांत सारखें उतरलें पाहिजे. डब्लिन येथील संशोधकांनीं २००२ सालीं एकोणीस कुळांतील शंभर घोडे घेऊन ही परीक्षा केली. पुस्तकांतील कूळ व रक्तांतील चिन्ह यांचा मेळ बव्हंशीं बसला, आणि तीनशें वर्षांच्या लेखाला ही मोठीच साक्ष होय. पण सर्वत्र बसला नाहीं. कांहीं कुळांत एकाच मातेच्या म्हणविणाऱ्या शाखांत चिन्हें भिन्न निघालीं, म्हणजे आरंभींच्या काळांत कोठेंतरी एक आई दुसरीच्या जागीं लिहिली गेली. कांहीं ठिकाणीं उलट, दोन निराळ्या मूळमातांचें चिन्ह एकच. त्या बहुधा आपापसांत नात्याच्याच असाव्या. पुढें २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या शोधांत असें दिसलें कीं, या मूळमातांत अनेक देशांचें रक्त असून इंग्लंड-आयर्लंडांतील देशी घोड्यांचा वांटा पूर्वीं समजत त्याहून अधिक आहे. तेव्हां 'बार्ब', म्हणजे बर्बरदेशीय, हें बिरुद पुष्कळ ठिकाणीं धन्याची हौस असावी. आपलें मूळ दूरच्या कोणा राजकुळाशीं जोडण्याची हौस आपल्या वंशावळकारांसहि होती, तींत घोडेवाल्यांस नांवें ठेवण्यांत अर्थ नाहीं.

ही परंपरा आपल्याकडेहि आली आहे. मुंबईस महालक्ष्मीच्या मैदानावर इंडियन ओक्स होते. ती चार वर्षांच्या घोड्यांसाठीं आहे. तेथील पहिली डर्बी १९४३ सालीं झाली व ती बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीनें जिंकली. भारतांतील या जातीच्या घोड्यांचें वंशावळीचें दप्तर पुण्यांत असतें. म्हणजे ज्या शहरांत पेशव्यांच्या दप्तरांतील घराण्यांचे करीने आहेत त्याच शहरांत घोड्यांच्या आयांचीं नांवें पिढ्यान् पिढ्या बिनचूक लिहिलेलीं आहेत, आणि आतां रक्ताची परीक्षा केल्यावांचून शिंगराची नोंद होत नाहीं.

येथून आम्ही आमच्या वतनदारांकडे परत आलों. वंशावळींत जी नांवें नाहींत तीं दुसऱ्या कागदांत असलींच पाहिजेत, राउथच्या वहीप्रमाणें, असें मनाशीं धरून आम्हीं घरच्या मंडळींस जुने खाजगी जमाखर्च मागितले. उत्तर असें आलें कीं, वतनाचे कागद म्हणून जे होते ते सर्व आम्हांस दिलेच आहेत. बाकी दोन पेट्या साडीचोळीच्या, सणावाराच्या व बाळंतपणाच्या याद्यांच्या होत्या, त्यांत कामाचें कांहीं नसल्यामुळें त्या दहाबारा वर्षांपूर्वीं बंबांत गेल्या. पाणी किती दिवस तापलें हें आम्हीं विचारलें नाहीं.

राहिला एक मार्ग. श्राद्धांत माता, पितामही, प्रपितामही यांचा नांवानें उच्चार होतो, तेव्हां ती यादी उपाध्यायाकडे असावयास पाहिजे. आणि तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेस आलेल्या कुटुंबाच्या स्त्रियांचींहि नांवें लिहिण्याची चाल आहे. घरच्या उपाध्यायांकडून तीन नांवें मिळालीं. नाशिक येथील तीर्थोपाध्यायांनीं मोठ्या सौजन्यानें वह्या दाखविल्या. त्यांत चौथें नांव त्या घराण्यांतील कर्त्या पुरुषाच्या हातच्या मोडी ओळींत सांपडलें, व पहिल्या तिहींपैकीं एक चुकीचें असल्याचेंहि तेथेंच कळलें, कारण उपाध्यायांनीं माहेरचें नांव सासरच्या जागीं धरलें होतें. सातांपैकीं तीन पिढ्या अद्याप रिकाम्या आहेत. त्र्यंबक येथील वह्या पहाव्या असा आमचा विचार आहे. ज्या संग्राहकांजवळ अशा वह्या किंवा घरगुती याद्या असतील त्यांनीं त्या तूर्त फडताळांतून काढूं नयेत, निदान बंबाच्या बाजूस ठेवूं नयेत, आणि शक्य तर आम्हांस एकवार पाहूं द्याव्या.